हंगाम नसलेला देश

2025 च्या ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आठ दिवसांच्या अंतराने दोन सामने झाले. 14 तारखेला भारत विरुद्ध सिंगापूर, आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा. 22 तारखेला एफसी गोवा विरुद्ध सौदी अरेबियाचा अल नस्र. पहिल्या सामन्यात छांगतेने पंधरा मिनिटांच्या आत गोल केला. हाफ टाइमच्या तोंडावर सिंगापूरने बरोबरी साधली, उत्तरार्धात आणखी एक गोल चढवला, आणि 2027 च्या आशिया चषकाचं दार भारताला बंद झालं. दुसऱ्या सामन्याच्या आधी आमच्याकडे एकच विषय होता: रोनाल्डो येणार का? आमच्या सिंधुदुर्गातल्या वैभववाडी रोड स्टेशनावर गाडीत बसलं की मडगाव गाठता येतं, त्यामुळे हा विषय नुसत्या गप्पांचा नव्हता. रोनाल्डो आला नाही. अल नस्रने सामना 2-1 असा जिंकला आणि त्याच्यासाठी तिकिटं काढून बसलेली माणसं हळहळली. सिंगापूरकडून हरल्याची हळहळ मात्र माझ्या कानावर फारशी आली नाही.

मेस्सी-रोनाल्डोवर जीव टाकणाऱ्या पोरांना राष्ट्राभिमान शिकवायला निघालेली माणसं मला कधीच पटलेली नाहीत. विश्वचषकाच्या वर्षी करूळचा घाट चढून कोल्हापुरात शिरलं की पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागलेले असतात. घाटाखाली आमच्याकडे झेंडे कमी, पण जर्सीच्या पाठीवर नावं तीच. 2022 च्या डिसेंबरात अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टींवर हरवलं तेव्हा इथेही फटाके वाजले. यात बेइमानी कसली? चांगला खेळ कुठल्याही देशाचा असो, तो पाहून ज्याचा ऊर भरून येत नाही त्याला खेळाची गोडीच लागलेली नाही, असं मी म्हणेन.

मला छळणारा प्रश्न दुसराच आहे. खेळावर इतका जीव असलेल्या देशाला स्वतःचा संघ का घडवता येऊ नये? 2018 च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 असं धुतलं, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं होती. छेत्रीने दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकून लोकांना विनवलं: टीका करा, शिव्या घाला, पण मैदानात या. पुढचा केनियाविरुद्धचा सामना, त्याचा शंभरावा, खचाखच भरला. सगळ्यांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. प्रश्न प्रेक्षकांचा होता, तो सुटला, असं वाटून गेलं. 2025 च्या अखेरीस तोच संघ जागतिक क्रमवारीत 140 च्या पलीकडे घसरला होता. प्रेक्षक हाक मारून आणता येतो. खेळाडू तसा येत नाही.

2025 च्या त्या ऑक्टोबरच्या पुढच्याच महिन्यात, 18 नोव्हेंबरला, भारत ढाक्यात बांगलादेशकडून 0-1 असा हरला. 22 वर्षांत पहिल्यांदाच बांगलादेशने आपल्याला हरवलं. त्याच तारखेला कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटाने जमैकाला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि 2026 च्या विश्वचषकात जागा पटकावली. बेटाची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. विश्वचषकापर्यंत पोहोचलेला इतका छोटा देश आजवर झाला नव्हता. मग सगळ्या ग्रुपवर तेच जुनं वाक्य फिरलं: एकशे चाळीस कोटींत अकरा पोरं मिळत नाहीत! हे वाक्य ऐकून कान किटले आहेत, आणि ते मुळातच फसवं आहे. लोकसंख्या मैदानात उतरत नाही. क्युरासावचे जवळजवळ सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले, तिथल्याच क्लबांत वाढले आणि आईबापांच्या बेटाकडून खेळले. आमच्या भाषेत सांगायचं तर तो चाकरमान्यांचा संघ. बांगलादेशचा हमझा चौधरीही इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि तिथेच घडलेला. म्हणजे पोरगा आठव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत कुठे खेळतो आणि दर आठवड्याला खेळतो की नाही, यावर त्या दोन्ही संघांचं बळ ठरलं.

आपल्याला ती वाट फारशी मोकळी नाही. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताने भारताची जर्सी घालण्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडलं. 2025 मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं सोडलं. असे दोन-चार निघतील. बाकीची पोरं घरीच घडवायला हवीत.

घरी म्हणजे नेमकं कुठे? मी जिल्ह्याच्या मापाने विचार करतो, कारण पोरगा खेळायला लागतो तो जिल्ह्यात, दिल्लीत नाही. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,49,651 होती. आइसलँडची 2018 च्या सुमारास साडेतीन लाखांच्या घरात. त्या देशाने 2016 च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला 2-1 असं हरवलं आणि 2018 चा विश्वचषक गाठला. युरोपचा पैसा, बंदिस्त मैदानं, शिकलेले प्रशिक्षक, त्यांच्याशी आपली काय बरोबरी, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, आइसलँड सोडू. मिझोराम घेऊ. 2011 ची लोकसंख्या सुमारे 11 लाख, म्हणजे सिंधुदुर्गहून थोडी जास्त. डोंगराळ मुलूख, सपाट जागा मुश्किलीने मिळणार, मोठे कारखाने नाहीत. तिथे 2012 मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि झोनेट या स्थानिक केबल वाहिनीने ती घराघरात पोहोचवली. 2014 मध्ये मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली. 2017 मध्ये आयझॉल एफसी राष्ट्रीय आय-लीगचा विजेता झाला. फातोर्ड्यावर भारताचा तो एकमेव गोल करणारा छांगते मिझोरामचाच.

मिझोरामच्या पोरांपाशी असं काय आहे जे आमच्या पोरांपाशी नाही? पाय तर तेच. खेळण्याची हौस तर आमच्याकडे ओसंडून वाहते, आणि ती बघायची असेल तर भात कापून झाल्यावर वैभववाडीच्या कुठल्याही गावात या. आडवे बांध फोडून मळा सपाट केलेला असतो, मधोमध पाणी मारून, चोपून पिच तयार केलेलं असतं. एका कडेला बांबूचा मांडव, त्याला हिरवी जाळी, आत टेबलावर चषकांची रांग आणि हारतुरे. माइकवर गावातलाच कुणी तोंडाला फेस येईपर्यंत समालोचन करतो. संघांची नावं रवळनाथ, गांगेश्वर, लिंगेश्वर अशी देवांचीच. चार-पाच षटकांचा डाव, अंडरआर्म गोलंदाजी, चेंडू मेरेपलीकडे करवंदीच्या जाळीत गेला की ‘बॉल खंय गेलो’ म्हणत दहा पोरं जाळीत. अमुक पाटलांकडून मालिकावीराला अमुक रक्कम, तमुक मुंबई मंडळाकडून उत्कृष्ट झेलाला ढाल, हे मधूनमधून पुकारलं जातं. सावली देणाऱ्या आंब्याखाली बायका-पोरं बसलेली असतात. रात्रीचे सामने असतील तर जनरेटर आणि हॅलोजन. ही सगळी व्यवस्था गाव स्वतः उभी करतं. वर्गणी, मैदान, पंच, जेवण, बक्षीस समारंभ, सगळं. सरकारचा पैसा नाही, कंपनीचा नाही. ज्या समाजाला हे जमतं त्याला क्रीडासंस्कृती नाही असं म्हणणारा माणूस या मळ्यात कधी आलेलाच नाही.

पण या स्पर्धेची घडण बारकाईने पाहा. ती बाद पद्धतीची असते. सकाळी नऊला सामना हरलात की दहाला घरी. पहिल्याच फेरीत हरलेला संघ पुढच्या स्पर्धेपर्यंत एकत्रही येत नाही. आणि ही घडण अशी का झाली, याचं कारण खेळात सापडत नाही, नोकरीत सापडतं. आमची कर्ती पोरं मुंबईत. ती गावात येतात गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. सुट्टी आठ-दहा दिवसांची. त्या दिवसांत पूजा, लग्न, गोंधळ, जत्रा आणि खेळ हे सगळं बसवायचं असतं. दोन-तीन दिवसांत विजेता ठरणारी स्पर्धा हीच त्या जगण्याला मानवणारी गोष्ट. मनीऑर्डरवर चालणाऱ्या गावाने आपला खेळही तसाच बेतला. त्यात कमीपणा नाही, उलट शहाणपण आहे. टेनिस बॉल क्रिकेटला ते चालूनही गेलं, कारण नजर आणि बॅटचा फटका एकेकट्याने जपता येतो.

फुटबॉलला ते चालत नाही. अकरा जणांनी एकमेकांची चाल ओळखावी लागते. डावा बॅक वर गेला तर मागे कोण येणार, हे बोलून ठरत नाही. आठवड्यामागून आठवडे एकत्र हरून, चुकून, पुन्हा उभं राहून ते अंगात मुरतं. हरलेल्या संघाला पुढच्या शनिवारी पुन्हा मैदान मिळालं पाहिजे. आमच्या शाळकरी पोरांना ते मिळतं का? शालेय स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीच्याच. पोरगा वर्षभर बाकाखाली चेंडू सरकवत वाट बघतो, एसटीने जिल्ह्याच्या मैदानावर जातो, एक सामना हरतो आणि परत येतो. त्याचं फुटबॉलचं वर्ष तासाभरात आटोपलं. त्याच्याच वयाचा नेदरलँड्समधला पोरगा तेवढ्या वर्षात वीस-पंचवीस सामने खेळलेला असतो. दहा वर्षांनी ते दोघे समोरासमोर आले तर काय होईल, हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही.

हंगाम म्हणजे काय ते आम्हाला परदेशात जाऊन बघायला नको. आमच्या तालुक्यातून घाट चढला की गगनबावडा, आणि गगनबावड्याहून सरळ कोल्हापूर. महाराष्ट्रात फुटबॉलचा खराखुरा हंगाम कुठे असेल तर तिथे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: यांतल्या कित्येकांच्या नावात तालीम आहे, कारण मुळात या कुस्तीच्या तालमी, आणि पेठेचं इमान कुस्तीकडून फुटबॉलकडे सहज वळलं. हिवाळ्यात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू होते, मग एकामागून एक चषक, आणि उन्हाळा संपेपर्यंत राजर्षी शाहू स्टेडियम दुपारी चारच्या सामन्याला भरत राहतं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशीसुद्धा. मी तिथे पाहिलेला सगळ्यात चांगला प्रेक्षक म्हणजे माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ. त्यांची नजर चेंडूवर नव्हतीच. चेंडू उजव्या कोपऱ्यात असताना ते डाव्या बाजूच्या मिडफिल्डरला ओरडून सांगत होते, ‘आत ये, आत ये, मोकळा सोडलायस त्याला!’ पंधरा सेकंदांनी चेंडू तिथेच आला आणि गोल झाला. ही नजर टीव्हीवर विश्वचषक बघून येत नाही. एकाच पेठेचा संघ वर्षानुवर्षं, दर आठवड्याला बघितला की येते. अशा हजार नजरा ज्या मैदानाभोवती बसतात तिथला पोरगा आळशीपणाने खेळूच शकत नाही.

तरीही कोल्हापूरने भारताला द्यायला हवे होते तितके खेळाडू दिलेले नाहीत, आणि हे कोल्हापूरकरांना माझ्याहून जास्त डाचत असेल. हुल्लडबाजीने सामने थांबवण्याची वेळ येते हे एक कारण आहे, पण मोठं कारण दुसरं आहे. पेठेच्या संघापुढे वर चढायला वाट नाही. पाटाकडील जिंकला काय, दिलबहार जिंकला काय, पुढच्या वर्षी पुन्हा तेच मैदान, तेच प्रतिस्पर्धी. चांगला पोरगा एक तर पेठेचा हिरो होऊन थांबतो, नाही तर लहानपणीच गाव सोडतो. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेव्हा कुठे 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळू शकला. तो विश्वचषक आपल्याकडे झाला. तेरा लाखांहून जास्त माणसांनी सामने पाहिले, वयोगटाच्या त्या स्पर्धेत इतकी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. भारत तिन्ही सामने हरला, कोलंबियाविरुद्ध जिक्सनने केलेला एकमेव गोल तेवढा आठवणीत राहिला. त्या पोरांना नियमित सामने मिळावेत म्हणून इंडियन ॲरोज हा संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने चालवला होता. 2022 मध्ये तोही बंद केला. चषक साजरा झाला, हंगाम गुंडाळला गेला. गावातला मळा आणि महासंघाचं दिल्लीतलं फुटबॉल हाउस या बाबतीत एकाच चालीने चालतात, फरक इतकाच की गावाला तसं करण्यावाचून गत्यंतर नाही.

खाली दक्षिणेला गोवा. 2011 ची लोकसंख्या साडेचौदा लाख. 2008 पासून 2013 पर्यंत सलग सहा वर्षं राष्ट्रीय आय-लीगचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही: डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर आलटून पालटून. सहा वर्षं! एवढ्याशा मुलखाने हे केलं, कारण वाड्यावाड्यांत, चर्चच्या मैदानांवर सामने होत होते आणि त्या सामन्यांतला पोरगा गोव्याच्याच लीगमध्ये, मग गोव्याच्याच क्लबात, मग देशाच्या संघात जाऊ शकत होता. घर न सोडता. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक त्याच वाटेने भारताचा कर्णधार झाला. मग 2016 मध्ये महासंघाने इंडियन सुपर लीगला वरचं आणि आय-लीगला खालचं स्थान द्यायचा आराखडा मांडला आणि डेम्पो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. ज्या क्लबांनी दशकं राबून वाट तयार केली त्यांनाच वाटेवरून उठावं लागलं. त्यांच्या जाण्याने जागा रिकामी झाली म्हणून खालच्या श्रेणीत घसरलेल्या आयझॉलला पुन्हा आत घेतलं गेलं आणि पुढच्याच वर्षी तो विजेता झाला. प्रशिक्षक होता खालिद जमील, मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा जुना खेळाडू, आज भारताचा प्रशिक्षक. गोव्याचं दुःख आणि मिझोरामचा आनंद असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

2025 मध्ये तर देशाच्या वरच्या थरातही हंगाम उरला नव्हता. 2024-25 च्या आय-लीगचा विजेता कोण, हा वाद स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेला. मैदानावरचे सामने एप्रिलमध्ये संपले, विजेता जुलैत ठरला. त्याच जुलैत इंडियन सुपर लीग स्थगित झाल्याची बातमी आली, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, हिवाळा अर्धा उलटला तरी लीग सुरू नव्हती. सिंगापूर आणि बांगलादेशकडून हरलेला संघ या हंगामाविना बसलेल्या खेळाडूंचा होता. त्या पराभवांवर चवताळून लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट क्वचितच लिहिली.

भारताचं फुटबॉल कधीच चांगलं नव्हतं, हेही खरं नाही. 1951 च्या दिल्लीतल्या आणि 1962 च्या जकार्तातल्या आशियाई खेळांत सुवर्णपदक, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. या काळाबद्दल आपण बोलतो ते हरवलेल्या जादूबद्दल बोलल्यासारखं. जादू नव्हती. नोकरी होती. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला, आणि त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच भारताचे प्रशिक्षक. 1962 ला कर्करोगाने पोखरलेल्या अंगाने त्यांनी ते सुवर्ण मिळवून दिलं आणि वर्षभरात ते गेले. पी. के. बॅनर्जी कारकिर्दीचा बहुतेक काळ ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, आणि 1958 ची कलकत्ता लीग त्या रेल्वेने जिंकली. मुंबईतही कंपन्यांचे, रेल्वेचे, गिरण्यांचे संघ होते. पोराला पगार, संध्याकाळ आणि मैदान या तिन्ही गोष्टी एकाच शहरात मिळत होत्या. त्या नोकऱ्या आटल्या, संघ बंद पडत गेले, शतकभर चाललेला रोव्हर्स कपही थांबला. 1950 च्या विश्वचषकाला भारत अनवाणी खेळायची परवानगी नाकारली म्हणून गेला नाही, ही दंतकथा मात्र आपण आवडीने सांगत बसतो. महासंघाला तेव्हा ऑलिंपिकपुढे विश्वचषक महत्त्वाचा वाटला नाही, हे कारण जास्त खरं आहे.

आपल्या मातीतल्या खेळात तरी आपण निर्धास्त आहोत का? कबड्डी कोकणाच्या रक्तात आहे. 2018 ला जकार्तातल्या आशियाई खेळांत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत आणि महिला अंतिम फेरीत इराणकडून हरल्या. इराणच्या महिलांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. कुणी कुणी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. मला त्यांचा अभिमान वाटतो, कारण शिकवणाऱ्याचं काम शिकवणं. आणि इराणचे पुरुष तयार कुठे झाले? फझल अत्राचलीसारखे खेळाडू 2014 मध्ये सुरू झालेल्या आपल्याच प्रो कबड्डीत, यू मुंबासारख्या संघांकडून, वर्षानुवर्षं खेळले. आपण त्यांना हंगाम दिला आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. भारताने 2023 मध्ये दोन्ही सुवर्णं परत मिळवली, तरी तो धडा पुसला जाऊ नये.

2025 च्या डिसेंबरात मेस्सी भारतात येऊन गेला. कोलकात्यात हजारो रुपयांची तिकिटं काढलेल्या लोकांना तो धड दिसलाही नाही आणि सॉल्ट लेक स्टेडियममध्ये खुर्च्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर सारं सुरळीत पार पडलं. सचिन होता, छेत्री होता. छेत्रीला त्या गर्दीत मेस्सीकडून जर्सी घेताना पाहून मला आनंदही झाला आणि खंतही वाटली. देशासाठी नव्वदहून जास्त गोल केलेल्या माणसासाठी वानखेडे कधी असं भरलं होतं का? आपली हौस, आपला पैसा, आपल्या सरकारांचा उत्साह हे सगळं एका संध्याकाळीत ओतलं जातं. हुशार मुलं निवडून त्यांना शिष्यवृत्ती देण्याच्या योजनाही जाहीर होतात. त्या चांगल्याच आहेत. पण निवडलेल्या साठ-सत्तर मुलांनी खेळायचं कुणाशी? न निवडलेली हजारो मुलं दर शनिवारी मैदानात असतील तेव्हाच निवडलेल्यांना कस लागेल.

म्हणून माझं मागणं वैभववाडीपुरतं आहे, आणि ते मी गंभीरपणे मांडतो. दिवाळीनंतर भात कापून होतं तिथपासून होळीपर्यंत, दर शनिवारी, तालुक्यातल्या हायस्कुलांची आणि कनिष्ठ महाविद्यालयांची फुटबॉल लीग. साखळी पद्धतीची, कुणीही बाद न होणारी. शेवटच्या क्रमांकाचा संघही शेवटच्या शनिवारपर्यंत खेळणार. वय अठरापर्यंतच, कारण मला इथली परिस्थिती माहीत आहे. 2001 ते 2011 या काळात सिंधुदुर्गची लोकसंख्या वाढायची सोडून 8.68 लाखांवरून 8.49 लाखांवर आली. बारावी झाली की पोरगं मुंबईची तुतारी एक्सप्रेस पकडतं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांची लीग इथे उभी करायची तर आधी इथे नोकऱ्या यायला हव्यात, आणि ते फुटबॉलप्रेमींच्या हातात नाही. बारावीपर्यंतची मुलं मात्र इथेच आहेत. मुलीही आहेत, आणि मुलींची लीग मुलांच्या बरोबरीने, त्याच दिवशी, त्याच मैदानावर व्हावी. 2025 च्या जुलैत भारताच्या महिलांनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर 2-1 असं हरवून आशिया चषक गाठला. पुरुषांना त्याच वर्षी जे जमलं नाही ते त्यांनी केलं, आणि त्यांच्यासाठी कुठल्याही पेठेत फ्लेक्स लागला नाही.

खर्च काय येईल? मळा तोच, बांध तेच. गोलपोस्टला बांबू आमच्या परड्यात उभा आहे. दर संघाला दोन चेंडू, पंचांना जाण्या-येण्याचं भाडं, दूरच्या शाळांना एक टेम्पो. मे महिन्यातल्या एका मोठ्या अंडरआर्म स्पर्धेच्या बक्षिसाची रक्कम यासाठी पुरून उरेल. मुंबई मंडळांना माझी विनंती अशी की चषक बंद करू नका, ती आपली घरी येण्याची रीत आहे. त्या चषकाच्या वर्गणीतला चौथा हिस्सा तुम्ही इथे नसतानाच्या शनिवारांसाठी ठेवा. तुमचा भाचा, तुमची पुतणी तेव्हा इथे असते.

आणि वाट वर चढायची असेल तर वैभववाडीइतकी मोक्याची जागा सिंधुदुर्गात दुसरी नाही. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाला 2016-17 च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली, रूळ अजून पडायचे आहेत. करूळ घाट 2024 च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला तो वर्षभर बंदच राहिला, आता सुरू आहे. तालुक्याचा विजेता संघ फेब्रुवारीत घाट चढून पेठांच्या कुमार संघांशी खेळू शकतो. उपविजेता गाडीने गोव्यात जाऊन तिथल्या एखाद्या गावच्या संघाशी खेळू शकतो. दोघेही पहिली काही वर्षं सपाटून हरतील. ते हरणं मला हवं आहे, कारण पुढच्या शनिवारी ते पुन्हा खेळणार असतील.